चौथ्या पंगतीचा गॅस

मशरूम काढणाऱ्याच्या हातात बोटभर पात्याची सुरी असते. वाफ्यावर वाकून टोपी तीन बोटांत धरायची, हलका पीळ द्यायचा, की मशरूम बुडापासून सुटून येतं. मग सुरीचा एक काप. पांढरी टोपी खोक्यात पडते आणि काळे कण चिकटलेला बुडखा बादलीत. खोकं सुपरमार्केटला जातं. बादलीचं काय होतं, हे खाणाऱ्याला माहीत असायचं कारण नाही. पीक संपलं, की ज्या वाफ्यावर ते वाढलं तो वाफाच अख्खा उचलून बाहेर काढला जातो. एक किलो मशरूममागे साधारण तीन ते पाच किलो ओलं, तपकिरी, शेणखतासारखं दिसणारं कंपोस्ट मागे उरतं.

या बादलीतून आणि त्या वाफ्यातून जाळण्याजोगा गॅस काढता येतो. किती निघतो, कशासाठी वापरला तर परवडतो आणि काढल्यावर मागे काय उरतं, हे पाहायला न्यूझीलंडइतकी सोयीची जागा क्वचित सापडेल. या देशात माणसांच्या जवळपास दुप्पट गुरं आहेत, पण गोबरगॅस मात्र फारसा नाही. हे कोडं आधी सोडवू.

दहा दिशांना पडणारं शेण

आपल्याकडे गोठा घराला लागून असतो. सकाळी पाटीभर शेण एका जागी मिळतं, ते पाण्यात कालवून गोबरगॅसच्या टाकीत सोडलं, की चुलीचं काम भागतं. न्यूझीलंडमध्ये गाय वर्षभर कुरणात चरते. दूध काढायच्या वेळी ती गोठ्यात येते, तेवढ्यापुरतं शेण-मूत फरशीवर पडतं आणि पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन जातं. बाकी सगळं शेकडो एकर गवतावर विखुरलेलं. ते गोळा करायला जेवढं डिझेल लागेल, तेवढा गॅसही त्यातून निघणार नाही.

मशरूमची शेती याच्या नेमकी उलट. ती बंद खोलीत, कप्प्याकप्प्यांच्या मांडण्यांवर चालते. कचरा एकाच आवारात, बारा महिने, ठरलेल्या वाराला आणि एकाच घडणीचा निघतो. गॅस करणाऱ्या जिवाणूंना खाण्यातले बदल सोसत नाहीत. त्यांच्या लेखी हा कचरा म्हणजे बांधून ठेवलेली गाय.

दक्षिण बेटावरचं क्राइस्टचर्च हे न्यूझीलंडच्या मशरूम धंद्याचं मोठं ठाणं. ‘मेडो मशरूम्स’ ही देशातली सर्वांत मोठी उत्पादक कंपनी 1970 मध्ये इथेच सुरू झाली. फिलिप बर्डन आणि रॉजर जाइल्स हे तिचे संस्थापक. बर्डन पुढे राजकारणात गेले, 1981 ते 1996 खासदार होते आणि मंत्रीही झाले. मशरूमला क्राइस्टचर्च मानवलं याचं कारण शहराबाहेर पसरलेलं कँटरबरीचं सपाट मैदान. देशातला बहुतेक गहू इथेच पिकतो. याच भागातल्या अ‍ॅशबर्टनजवळच्या एरिक वॉटसन या शेतकऱ्याने 2020 मध्ये हेक्टरी 17.398 टन गहू काढून जागतिक विक्रम केला होता. जिथे एवढा गहू, तिथे काडही तेवढंच. आणि मशरूमची सुरुवात काडापासून होते.

पहिल्या तीन पंगती

हे सगळं पंगतींच्या हिशोबाने पाहिलं, तर चटकन लक्षात येतं. गावजेवणात पहिल्या पंगतीला सगळं गरमागरम मिळतं, पुढच्या पंगतीला उरलेलं. मशरूमच्या कारखान्यात मात्र प्रत्येक पंगत आधीच्या पंगतीच्या उष्ट्यावरच बसते.

पहिली पंगत माणसांची आणि कोंबड्यांची. गव्हाचा दाणा त्यांच्या वाट्याला जातो. मागे राहतं ते गव्हाचं काड आणि कोंबडखत. काडात कार्बन भरपूर, नत्र जवळपास नाहीच. कोंबडखतात नत्र भरपूर. दोन्ही मिसळून, पाणी मारून, त्यात जिप्सम टाकून ढीग लावतात. जिप्सममुळे मिश्रण चिकट होत नाही, मोकळं राहतं.

दुसरी पंगत उष्णता सोसणाऱ्या जिवाणूंची आणि बुरशींची. ते या ढिगावर असे तुटून पडतात, की आत सत्तर-ऐंशी अंश उष्णता तयार होते. ढिगातून वाफा निघतात आणि अमोनियाचा झणझणीत वास नाकात घुसतो. जगभर मशरूमवाल्यांची शेजाऱ्यांशी भांडणं होतात ती याच टप्प्यावर. म्हणून आता हे काम उघड्यावर न करता तळातून हवा सोडणाऱ्या बंदिस्त काँक्रीटच्या बोगद्यांत करतात. त्यानंतर कंपोस्ट काही तास साठ अंशांच्या आसपास ठेवून त्यातले किडे आणि रोगजंतू मारले जातात. मग काही दिवस पंचेचाळीस-अठ्ठेचाळीस अंशांवर राखून उरलेला अमोनिया संपवला जातो.

तिसरी पंगत मशरूमची. गव्हाच्या किंवा ज्वारीच्या दाण्यांवर वाढवलेलं बियाणं, म्हणजे स्पॉन, कंपोस्टमध्ये मिसळतात. पंधरा दिवसांत सगळा वाफा पांढऱ्या धाग्यांनी भरून जातो. वरून पीटचा म्हणजे दलदलीतल्या जुन्या कुजलेल्या वनस्पतींचा ओलसर थर पसरतात, त्याला केसिंग म्हणतात. मग खोली सतरा-अठरा अंशांपर्यंत गार केली, की तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पहिला बहर येतो. आठवड्याने दुसरा, कधी तिसरा. पुढे बहर पातळ होत जातात, रोगाची भीती वाढते आणि खोली रिकामी केलेली परवडते.

मशरूम इथे फक्त काड खात नाही. दुसऱ्या पंगतीत जे जिवाणू जेवून माजले होते, त्यांची मेलेली शरीरंही ते खातं. शिवाय काडातलं लिग्निन काही अंशी फोडतं. लाकडाला लाकूडपण देणारा हा चिवट पदार्थ म्हणजे कुलूप. काडातली साखर सेल्युलोजच्या रूपात त्या कुलपाआड असते. हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंना हे कुलूप जवळपास उघडताच येत नाही. मशरूम मात्र प्राणवायूच्या मदतीने ते सैल करतं. आधी बसलेल्याने ताट चाटूनपुसून साफ केलं हे खरं, पण जाताना डब्याचं झाकणही थोडं उघडून ठेवलं. चौथ्या पंगतीचा हिशोब या दोन गोष्टींच्या वजाबाकीवर चालतो.

हवेला घाबरणारे पाहुणे

चौथ्या पंगतीला बसणाऱ्यांना हवा चालत नाही. हवाबंद टाकी लागते आणि आत पस्तीस ते चाळीस अंशांची ऊब. काम टोळ्याटोळ्यांनी चालतं. पहिली टोळी काडाचे, प्रथिनांचे लांबलचक रेणू तोडून साखरा आणि अमिनो आम्लं करते. दुसरी त्यांची आंबवून आम्लं करते. तिसरी त्या आम्लांचं व्हिनेगरातलं अ‍ॅसिटिक आम्ल, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड करते. शेवटी येतात मिथेन करणारे जीव. दिसायला ते जिवाणूंसारखे, पण कूळ निराळं. 1977 मध्ये कार्ल वूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्या आतल्या रेणूंची तुलना करून दाखवून दिलं, की जिवाणूंशी त्यांचं नातं फार दूरचं आहे. आज त्यांना आर्किया म्हणतात. गाईच्या पहिल्या पोटात बसून मिथेन करणारे जीव याच कुळातले. न्यूझीलंडच्या हरितगृह वायूंपैकी जवळपास निम्मे शेतीतून येतात आणि त्यांत मोठा वाटा गुरामेंढरांच्या ढेकरांतल्या मिथेनचा आहे. कुरणातल्या गाईचा मिथेन हवेत जातो तेव्हा तो डोकेदुखी ठरतो. टाकीत तोच कोंडून जाळला, की इंधन होतं.

या शेवटच्या टोळीची चाल संथ असते. आम्ल करणारे घाईचे आणि मिथेन करणारे निवांत. टाकीत एकदम जास्त खाद्य टाकलं, तर आम्ल साचतं, मिथेनवाले मान टाकतात आणि टाकी ‘आंबते’. गोबरगॅस चालवणाऱ्या कुणालाही हे अनुभवाने ठाऊक असतं. उसळीच्या उरलेल्या पातेल्याने एका दिवसात चूल विझल्याची उदाहरणं गावोगाव सापडतील.

सिलिंडरमध्ये मोजलं तर

आता ठोकळ हिशोब करू. एक टन उरलेलं कंपोस्ट घेतलं, तर त्यात साडेसहाशे किलो पाणी असतं. कोरडा माल साडेतीनशे किलो. त्यातून जिप्सम, राख आणि मातीचा भाग वजा केला, की सेंद्रिय पदार्थ सव्वादोनशे किलोंच्या आसपास उरतो. किलोमागे शंभर ते दीडशे लिटर मिथेन धरलं, तर टनाला बावीस ते तेहतीस घनमीटर. आपल्या घरातल्या 14.2 किलोच्या सिलिंडरची उष्णता साधारण अठरा घनमीटर मिथेनएवढी. म्हणजे एका टनात सव्वा ते पावणेदोन सिलिंडर.

ताज्या शेणाचा हिशोब याच्या जवळच बसतो. टनाला चाळीस घनमीटर गोबरगॅस, त्यात मिथेन निम्म्याहून थोडा जास्त, म्हणजे सव्वा सिलिंडर. यात नवल नाही. शेण म्हणजे तरी काय, गाईने खाऊन झाल्यावर उरलेलं उष्टंच. याउलट हॉटेलातलं उरलेलं अन्न टनाला चार-पाच सिलिंडर देऊन जातं, कारण त्याला कुणी हातच लावलेला नसतो.

हा फरक आपल्याकडे पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेचे संस्थापक डॉ. आनंद कर्वे यांनी फार नेमका पकडला. शेण जनावराने आधीच पचवलेलं असतं, मग जिवाणूंना शेणच का घालायचं, न पचवलेला पिष्टमय पदार्थ का नाही, असा त्यांचा प्रश्न होता. त्यातून घराच्या गच्चीवर मावणारं, उष्ट्या-खरकट्यावर, सडक्या धान्यावर चालणारं छोटं बायोगॅस यंत्र तयार झालं. 2006 मध्ये त्याला अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. आरतीचं म्हणणं असं, की शेणाच्या चाळीस किलोंचं काम दोन किलो पिष्टमय खाद्य करतं, तेही चाळीस दिवसांऐवजी एका दिवसात.

कर्वे यांच्या कसोटीवर मशरूमच्या कारखान्यातला कचरा दोन निराळ्या गोष्टींत विभागतो. वाफ्यातलं कंपोस्ट तीनदा उष्टावलेलं. बादलीतले बुडखे मात्र ताजं अन्न. मशरूमच्या टोपीत जे असतं तेच त्यांत. अडचण एवढीच, की बुडख्यात नव्वद टक्के पाणी. त्यामुळे टनावर मोजलं, तर तेही कंपोस्टच्याच रांगेत येऊन बसतात. पण कोरड्या किलोवर मोजलं, तर दुपटीहून जास्त गॅस देतात आणि पचायला फारसे दिवस घेत नाहीत. कंपोस्टला महिनाभर टाकीत राहावं लागतं. बुडख्यांचं पाणीही वाया जात नाही. कोरडसर कंपोस्ट पातळ करायला ते कामाला येतं.

जिप्समचा सूड

मशरूमवाल्याने मोकळेपणासाठी घातलेलं जिप्सम चौथ्या पंगतीत उलटतं. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. टाकीत सल्फेटवर जगणारे वेगळे जिवाणू असतात. मिथेनवाल्यांच्या तोंडचा हायड्रोजन ते पळवतात आणि बदल्यात हायड्रोजन सल्फाइड सोडतात. सडक्या अंड्याचा वास तो हाच. प्रमाण वाढलं, तर तो विषारी असतो आणि जाळला, की आम्ल तयार होऊन बॉयलरचं, इंजिनाचं लोखंड खातो. त्यावर उपाय आहेत. टाकीत लोखंडाचे क्षार टाकले, की गंधक लोखंडाशी बांधला जाऊन काळा गाळ होऊन बसतो. किंवा गॅसच्या जागेत मोजून-मापून किंचित हवा सोडतात. त्या हवेवर जगणारे जिवाणू गंधक पिवळ्या थराच्या रूपात भिंतीवर चिकटवून ठेवतात.

दुसरी अडचण केसिंगची. पीट हजारो वर्षं हवेविना दलदलीत पडून राहिलेलं असतं. तिथे जे पचायचं ते पचून गेलेलं. त्याला आपल्या टाकीत महिना ठेवून काय होणार? ते नुसती जागा अडवतं. तिसरी अडचण काडाची. पातळ टाकीत काडाचे तुकडे वर तरंगून जाड साय धरतात आणि माती तळाशी बसते. साय फोडायला आणि गाळ काढायला माणूस आणि यंत्र दोन्ही लागतात.

म्हणून अशा मालाला कोरडी पद्धत जास्त सोयीची. गॅरेजसारख्या हवाबंद खोल्या. लोडरने कंपोस्ट आत भरायचं, दार बंद करायचं, वरून जिवाणूंनी भरलेलं पाणी शिंपडायचं. खाली झिरपलेलं पाणी पुन्हा वर. महिन्याने खोली उघडून भरलेलं काढायचं. मशरूम कारखान्यातल्या माणसाला हे काम नवं नाही. कंपोस्ट तयार करायचे बोगदे तो अशाच पद्धतीने भरतो आणि रिकामे करतो. फरक एवढाच, की तिथे तळातून हवा सोडायची आणि इथे ती आत येऊ द्यायची नाही.

रेपोरोआची टाकी

न्यूझीलंडमध्ये सेंद्रिय कचऱ्यापासून गॅस करायचा मोठा प्रकल्प उत्तर बेटावर रेपोरोआ इथे आहे. ‘इकोगॅस’ कंपनीचा हा प्रकल्प 2022 मध्ये सुरू झाला. वर्षाला 75,000 टन सेंद्रिय कचरा पचवण्याची त्याची ताकद. ऑकलंडच्या घराघरांतून 23 लिटरच्या छोट्या डब्यांत गोळा होणारं खरकटं अडीचशे किलोमीटर दक्षिणेला ट्रकांतून इथे येतं. ट्रक एरवी त्याच वाटेने रिकामे परतले असते, म्हणून वाहतूक परवडते. रेपोरोआ रोटोरुआच्या शेजारी आहे. जमिनीतून गरम पाण्याचे झरे आणि सडक्या अंड्याच्या वासाची वाफ निघणाऱ्या या प्रदेशात हायड्रोजन सल्फाइड कुणाला अनोळखी नाही.

रेपोरोआची खरी युक्ती शेजार निवडण्यात आहे. टाकीच्या बाजूला टोमॅटोचं प्रचंड काचघर आहे. गॅस जाळून मिळणारी ऊब काचघराला जाते. सोबत निघणारा कार्बन डायऑक्साइडही तिथे वापरला जातो, कारण टोमॅटोच्या पानांना तो खाद्यच. पुढे हा गॅस शुद्ध करून, त्यातला कार्बन डायऑक्साइड वेगळा काढून, उत्तर बेटाच्या नैसर्गिक वायूच्या नळवाहिनीत सोडायची सोयही झाली. तारानाकीच्या समुद्रातल्या आणि जमिनीतल्या विहिरींचा वायू आटत चालला असताना या गॅसला किंमत येते.

क्राइस्टचर्चच्या मशरूमवाल्यापुढे प्रश्न वेगळा. दक्षिण बेटावर नैसर्गिक वायूची नळवाहिनीच नाही. तिथले कारखाने कोळसा, डिझेल, सिलिंडरचा गॅस किंवा लाकूडतुकडे जाळतात. गॅस शुद्ध करून नळात सोडण्याचा मार्ग इथे बंद. कार्बन डायऑक्साइडही नकोसा, कारण मशरूम श्वास घेताना तो स्वतःच सोडतं आणि तो साचला, तर बहर येत नाही. खोल्यांतून तो पंख्यांनी बाहेर हाकलावा लागतो.

मग गॅसची वीज करायची का? इथे न्यूझीलंडचा ऊर्जेचा नकाशा आडवा येतो. देशाची ऐंशी टक्क्यांहून जास्त वीज पाणी, भूगर्भातली उष्णता आणि वारा यांच्यावर होते. दक्षिण बेटावर तर जवळपास सगळी धरणांतून. अशा ठिकाणी बायोगॅसची वीज करून हवेतला कार्बन फारसा कमी होत नाही आणि इंजिनात गॅसची साठ टक्के उष्णता वाया जाते.

मशरूमच्या कारखान्याला वीज लागते, पण त्याहून जास्त टोचते ती उष्णतेची गरज. कंपोस्टला साठ अंश हवेत. खोली रिकामी करण्याआधी ती वाफेने पासष्ट-सत्तर अंशांपर्यंत तापवून काही तास तशीच ठेवतात, म्हणजे किडे आणि रोगाचे बीजाणू पुढच्या पिकाला छळत नाहीत. या शेवटच्या वाफेने कंपोस्टही शिजतं. ते लगेच बाजूच्या टाकीत गेलं, तर टाकी तापवायला वेगळं इंधन फारसं लागणार नाही. टाकीतून निघालेला गॅस बॉयलरला, बॉयलरची वाफ पुन्हा खोल्यांना. बॉयलरला शुद्ध गॅस लागत नाही. साठ टक्के मिथेन आणि चाळीस टक्के कार्बन डायऑक्साइड असलेला, गंधक काढलेला गॅस तो खुशाल जाळतो. आठवड्याला शंभर टन कंपोस्ट बाहेर पडणारा कारखाना धरला, तर दर आठवड्याला सव्वाशे ते पावणेदोनशे सिलिंडरांची उष्णता त्याच्याच आवारात तयार होईल. सगळं काम त्यावर भागणार नाही, पण त्या आठवड्यात तेवढं कमी इंधन विकत आणावं लागेल.

टाकीत बाजूच्या गावातल्या कत्तलखान्यातल्या किंवा भाजी बाजारातल्या कचऱ्याची थोडी भर घातली, तर ती जास्त खुलते. कंपोस्ट एकटं पोटभर असलं, तरी अंगी लागत नाही. भाकरीला आमटी लागावी तसं त्याला जोडीचं सत्त्ववान काहीतरी लागतं.

चळवळ येते आणि जाते

न्यूझीलंडने गॅसची वाट एकदा आधीही धरली होती. 1979 च्या तेलटंचाईत सरकारने गाडीमालकांना आठवड्यातला एक दिवस गाडी न काढायचा निवडायला लावला आणि त्या दिवसाचं स्टिकर काचेवर लावायला सांगितलं. त्याच काळात गाड्या नैसर्गिक वायूवर चालवायची मोहीम सुरू झाली आणि हजारो गाड्यांनी पेट्रोल सोडलं. सांडपाण्यातून निघणाऱ्या गॅसवर गाड्या चालवण्याचे प्रयोगही झाले. पुढे 1986 मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि हळूहळू सगळं विरलं.

आपल्याकडेही चढ-उतार असेच. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात 1897 मध्ये मैल्याच्या टाकीतला गॅस दिव्यांसाठी वापरल्याची नोंद आहे. म्हणजे आपला हा वारसा सव्वाशे वर्षांहून जुना. स्वातंत्र्यानंतर खादी ग्रामोद्योगाच्या तरंगत्या घुमटाच्या टाक्या गावोगाव उभ्या राहिल्या. त्यांतल्या कितीतरी आज गंजून पडल्या आहेत, कारण गुरं कमी झाली आणि रोजचं शेण कालवायला घरात माणूस उरला नाही. टाकीचं यंत्र साधं असतं. तिचं रोजचं खाणं कोण आणि कुठून आणणार, यावर ती टिकते की बंद पडते, ते ठरतं.

या कसोटीवर महाराष्ट्रातली धिंगरीची, म्हणजे ऑयस्टर मशरूमची, शेती बरी उतरते. धिंगरी गव्हाच्या, सोयाबीनच्या किंवा भाताच्या काडावर थेट वाढते, आधी कोंबडखताचं कंपोस्ट करावं लागत नाही. त्यामुळे तिच्या पिशवीत जिप्समचा आणि पीटचा त्रास जवळपास नसतो. शिवाय धिंगरी आतापर्यंत पाहिलेल्या बटन मशरूमपेक्षा लिग्निनवर जास्त तुटून पडते, म्हणजे कुलूप जास्त उघडं राहतं. बचत गटाच्या बायका पीक संपल्यावर पिशवी उकिरड्यावर टाकतात किंवा गुरांपुढे घालतात. घरी चालू गोबरगॅस असेल, तर पिशवीतलं काड बारीक चुरून, दोन-तीन दिवस टाकीतून बाहेर पडणाऱ्या स्लरीच्या पाण्यात भिजवून, रोजच्या शेणात थोडं थोडं मिसळता येईल. थोडं थोडं हे महत्त्वाचं. सगळी पिशवी एकदम ओतली, तर घुमटाखाली साय धरेल आणि ती फोडायला झाकण उचलावं लागेल.

आणि मातीच्या वाट्याला

आज न्यूझीलंडमध्ये मशरूमचं उरलेलं कंपोस्ट बहुतेक बागांसाठी आणि शेतांसाठी खत म्हणून जातं. घरापुढे गुलाब लावणारा माणूस ते पोत्याने विकत आणतो. मग गॅस काढला, तर मातीचं नुकसान नाही का? हा प्रश्न रास्त आहे. टाकीत कार्बन जातो, कारण मिथेन कार्बनचाच. नत्र, स्फुरद आणि पालाश मात्र टाकीतून गॅस होऊन जात नाहीत. ते स्लरीत शिल्लक राहतात. नत्राचा काही भाग तर पिकाला चटकन उचलता येईल अशा अमोनियमच्या रूपात येतो. म्हणून स्लरी उघड्यावर उन्हात साठवायची नाही, नाहीतर तो अमोनिया होऊन उडून जातो. गमावला जातो तो थोडा सेंद्रिय कार्बन, म्हणजे मातीला भुसभुशीत ठेवणारा भाग. पण जो चिवट होता, ज्याला तिन्ही पंगती पुऱ्या पडल्या नाहीत, तो लिग्निनचा आणि पीटचा भाग चौथीलाही पचत नाही. मातीला टिकाऊ ह्युमस बहुतांशी त्यातूनच मिळतो.

क्राइस्टचर्चपासून तासाभराच्या अंतरावर कँटरबरीच्या शेतांत गव्हाची कापणी झाली, की काडाचे मोठे गोल गठ्ठे शेतात पडून असतात. त्यांतला एखादा कंपोस्टच्या ढिगात जातो, बहर देतो, टाकीत महिना काढतो आणि बॉयलरखाली निळी ज्योत होऊन जातो. उरलेलं काळं, ओलं द्रव्य त्याच शेतात परत पसरता येतं. पुढच्या गव्हाची मुळं त्यात उतरतात. पाचवी पंगत त्यांची.